आयर्लंडमधली घोड्यावरची रपेट

मुलीला दुबईतल्या अल बर्शाहून घोडेस्वारीच्या क्लासला सोडायला गेले, की तबेल्याच्या वासाने मला आयर्लंडमधलं ते खेडं आठवतं. माझ्या बॉसचं धरून ऑफिसमधली आम्ही तीन कुटुंबं सुट्टीत तिथे गेलो होतो, आणि माझे पप्पा वसईहून आले होते. पाहुण्यांसाठी तिथे तळ्यावर मासेमारी होती, डोंगरातल्या पायवाटा होत्या, पण पोरांना हवी होती घोड्यावरची रपेट. त्या सकाळी भुरभुर पाऊस होता, हिरवळ नुसती चिंब झाली होती. माझी मुलगी बसली आणि तिचा घोडा बिथरून मागे मागे सरकू लागला. घोडेवाली बाई धावत येईपर्यंत पप्पांनी लगाम धरला, त्याच्या मानेवर हात ठेवला आणि जिभेने हलकेच टक् टक् आवाज केला. घोडा शांत झाला. बाईने कौतुकाने विचारलं, "तुम्ही घोड्यांचं काम केलंय का?" पप्पांनी तीस वर्षं वसईत टांगा हाकला होता. ते हसून काही बोलणार, एवढ्यात शेजारी उभ्या असलेल्या माझ्या बॉसकडे बघत मीच घाईने म्हणाले, "नाही, ते ऑफिसात होते." तेवढं इंग्रजी त्यांना कळत होतं. त्यांनी लगाम बाईच्या हातात दिला आणि मागे जाऊन उभे राहिले. परतताना बसमध्ये त्यांनी हळू आवाजात विचारलं, "बाय, मी ऑफिसात काय काम करायचो? कोणी विचारलं तर सांगायला पाहिजे ना." आवाजात राग नव्हता. मी खिडकीबाहेर बघत म्हणाले, "क्लार्क सांगा." उरलेले चार दिवस ज्याने विचारलं त्याला ते तेच सांगत राहिले. पप्पा आता नाहीत, आणि त्यांचा तो आज्ञाधारक आवाज आठवला की आजही माझी मान खाली जाते.