बाबा मोजा

नुकत्याच झालेल्या नाताळच्या आदल्या संध्याकाळी टीव्हीवर हिंदीत बोलणारा एक कार्टून पिक्चर लागला होता. आमच्या घरी नाताळ नसतो. पण आठ वर्षांच्या मुलीने सहा वाजायच्या आधीच सतरंजी टाकून ठेवली होती. माझी जागा तिने हाताने झाडून दाखवली, म्हणून बसलो. बायको तुरीच्या शेंगा सोलत मागे बसली होती.

पिक्चर एका म्हाताऱ्याचा होता. तो बर्फाच्या डोंगरावर राहतो, वर्षभर खेळणी बनवतो आणि एका रात्रीत हरणांच्या गाडीतून घरोघर वाटतो. मुलं खिडकीला पायातले मोजे टांगतात, तो त्यात खेळणी टाकून पुढे जातो. त्याच्या घरात एक खार राहते, ती त्याला मदत करते.

मी मोताळ्याच्या बाजारात मापाडी आहे. दिवसभर पोती काट्यावर चढवायची, वजन आणि पोत्यांचा आकडा लिहायचा. आकडा जुळला नाही तर मला जेवण जात नाही. पिक्चर बघताना डोक्यात तेच चालू झालं.

मी म्हटलं, "आपल्या धामणगावचीच दोन हजार घरं धर. रात्र बारा तासांची. एका घराले साडेएकवीस सेकंद येतात. तेवढ्यात तं हरीण बांधून बी होत नाही."

मुलगी पडद्याकडेच बघत म्हणाली, "बाबा, पाहू द्या ना."

"अन् हे एका गावाचं सांगून राह्यलो. दुनिया तं बाकीच हाये."

"तुमचा काटा बाजारातच ठेवून येत जा," बायको म्हणाली. "पिक्चर हाये थो, पोतं नाही."

मी हसलो. मुलगी हसली नाही. शेवटची बारा मिनिटं राहिली असताना मी उठलो, दुसऱ्या दिवशीच्या पोत्यांच्या चिठ्ठ्या लिहायच्या होत्या. त्या चिठ्ठ्या सकाळीही झाल्या असत्या.

सकाळी साडेसहाला बाजारात जायला निघालो तर माझ्या टेबलावर एक ताटली ठेवलेली दिसली. ताटलीत बोरं, दोन चॉकलेटं, एक पेन्सिल आणि एक घडी घातलेला कागद. बाजूला मुलीच्या अक्षरातली चिठ्ठी होती: 'बाबा मोजा'.

आमच्या घरात हे दोन शब्द रोजचे. शेतातून काही आलं, पाहुण्यांनी खाऊ दिला की मुलगी समोर आणून ठेवते आणि म्हणते, "बाबा, मोजा." मी मापाड्यांच्या रीतीने मोजतो. तोंडाने मोजताना शुभ म्हणून 'एक' म्हणत नाही, 'लाभ' म्हणतो. लाभ, दोन, तीन. तिलाही तसंच शिकवलंय. पायात घालायचा मोजा मात्र आमच्या बोलण्यात फारसा येत नाही. मी बारा महिने चप्पल घालतो.

मी उभ्याउभ्या मोजलं आणि तिच्या चिठ्ठीखाली लिहिलं: 'बोरं नऊ, पैकी एक किडकं, काढलं. चॉकलेट दोन. पेन्सिल एक, अर्धी. कागद एक, वापरलेला.' खाली सही केली. कागद उघडून बघितला नाही. मागच्या बाजूने रंग उमटलेला दिसत होता, तेवढ्यावरून 'वापरलेला' लिहिलं. किडकं बोर उकिरड्यावर टाकलं आणि गेलो.

दुपारी दोनला परत आलो. बायकोने पाण्याचा तांब्या दिला, पण ती तिथेच उभी राहिली.

"पोरीनं तुमच्या पायातला मोजा मागतला होता," ती म्हणाली.

मला आधी कळलंच नाही.

"शेवट पाह्यला असता तं समजलं असतं. थो म्हातारा साऱ्याइले देते, पण त्याच्या घरी त्याले द्यावाले कोणी नाही. मंग ते खार त्याचाच मोजा खिडकीले टांगते अन् आपल्याजवळचं हाये नाही ते त्यात भरते. ते सामान तुमच्यासाठी होतं. तुमी त्याची यादी केली."

मी तांब्या खाली ठेवला. लग्नाकार्याला घालायचे काळे मोजे पेटीत होते, त्यातला एक काढला आणि मागच्या ओट्यावर गेलो. मुलगी गृहपाठ करत होती.

"काऊन वं, मले तोंडानं काऊन नाही मागतला?"

ती वहीतच बघत म्हणाली, "तुमी म्हणले असते, टाइम पुरत नाही."

"हा घे. आता भर."

"बोरं खाल्ली मी."

"आठही?"

"हाव."

"अन् थो कागद?"

"थो वापरलेला होता ना," ती म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता. मी लिहिलेलं तिने खरं धरलं होतं, माझं लिहिलेलं ती नेहमीच खरं धरते. कागद पाठीमागून कोरा होता, त्यावर तिने सकाळीच गुणाकार केले होते. मी तो मागून घेतला आणि उलटला. चित्रात काटा होता, काट्यावर पोत्याऐवजी एक हरीण उभं होतं. शेजारी चप्पल घातलेला माणूस वजन लिहीत होता.

मी तिला सांगितलं की माझी चूक झाली. ती "बरं" म्हणाली आणि पुढचं गणित मांडलं.

मोजा मात्र तिने घेतला. माझी वजनाची वही ज्या खिळ्याला असते त्या खिळ्याला टांगला. बाजारात जाताना वही काढतो तेव्हा मोज्यात हात घालून बघतो. आज अकरावा दिवस, अजून रिकामा आहे. मी तिला विचारत नाही. विचारलं तर ती लगेच काहीतरी आणून टाकेल.