बिनगळाचा चमचा

आबांच्या गळ्यात तुळशीची माळ होती आणि उभ्या जन्मात त्यांनी माशाला हात लावला नव्हता. त्यामुळे एका सकाळी जिना चढून येत त्यांनी मला, ‘सर, सालमन मासा गर्मीत खोल पान्यात काहून जाते?’ असं विचारलं, तेव्हा मी हातातला चहा खाली ठेवला.

मेहरूणच्या त्यांच्या घरात मी वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायचो आणि कॉलेजात इंग्रजी शिकवायचो. आबा मूळचे सावद्याचे. अंगात जोर होता तोवर केळीचा व्यापार केला आणि मग जळगावला येऊन बसले. बसले हे आपलं म्हणायचं. गल्लीत कुणाकडे बोअर घ्यायला गाडी आली की आबा तिथं उभे, कुणाची शिलाई मशीन उघडली की आबांचं डोकं आत. मेकॅनिक वैतागले तरी ते हलायचे नाहीत. ‘इचाराले काय जाते?’ हे त्यांचं ठरलेलं उत्तर. त्यांचे प्रश्न ऐकून मीही पुष्कळदा कातावलोय, कारण उत्तर दिलं की त्यातूनच पुढचा प्रश्न निघायचा.

एकाच माणसाशी बोलताना मात्र त्यांना प्रश्न सुचत नसत. मुलगी लग्नानंतर कॅनडात गेली, नात जुई तिकडेच वाढली. दर रविवारी सकाळी व्हिडिओ कॉल यायचा. जुई पडद्यावर यायची, ‘नमस्कार आबा, कसे आहात, मी बरी आहे,’ एवढं पाठ केल्यासारखं म्हणायची आणि फोन आईकडे द्यायची. ती बाजूला झाली तरी आबा पडद्याच्या कडेला दिसणाऱ्या तिच्या कोपराकडे बघत राहायचे. ‘तिच्यासंगं बोलाले मले इषयच सापडत नाही सर,’ ते एकदा म्हणाले. ‘तब्येत इचारली का संपलं. पोरगी मोठी होऊन ऱ्हायली अन मले तिचं काहीच ठावं नाही.’ हे सांगताना त्यांचा चेहरा उतरला होता.

विषय सापडला तो असा. जुईला मैत्रिणींच्या संगतीनं मासेमारीचा नाद लागला. तिकडच्या मोठ्या तळ्यात बोट अगदी सावकाश चालवायची, मागं दोरीला चकाकतं आमिष ओढत न्यायचं आणि त्यावर सालमन धरायचा, असा तो प्रकार. गळाची पहिली काठी कोणती घ्यावी, आमिषं कोणती घ्यावीत यावरून कॉलवर मायलेकींची वादावादी चालली होती. आबांनी मध्येच विचारलं, ‘थांब. बोट चालू ऱ्हायते, तं मासा पयाचं सोडून तिच्या मागं काहून येते?’ फोन आईला द्यायला निघालेली जुई थांबली. तिला मराठी शब्द सापडेनात, आबांना इंग्रजी कळेना आणि आईनं त्या माशांच्या भानगडीतून हात झटकले, म्हणून मला खालून हाक आली. त्या दिवसापासून मी त्या घरचा बिनपगारी दुभाषा झालो.

काठीचा निकाल आबांनी लावला. दुकानदारानं जुईला दोन काठ्या दाखवल्या होत्या, एक दणकट आणि एक लवचिक. जुईचं मन दणकट काठीवर बसलं होतं. आबांनी विचारलं, ‘त्या माशाचं तोंड कसं ऱ्हायते?’ जुईनं शोधून सांगितलं की तळ्यातल्या सालमनचं तोंड फार नाजूक असतं, हिसका बसला की फाटतं आणि मासा निसटतो. आबांनी मांडीवर थाप मारली. ‘मंग लवती घे. केयीचा घड उतरवताना आम्ही खांद्यावर गादी ठेवतो. धक्का बसला का माल गेला. तुया काठीनंच गादीचं काम कराले पाह्यजे.’ मी भाषांतर केलं. जुईला केळीचा घड कसा उतरवतात ते माहीत नव्हतं, ते तिनं विचारलं, आणि आबा पुढं कितीतरी वेळ केळीवर बोलले. जुईच्या आईला त्या दिवशी फोन मिळालाच नाही.

आमिषांची पाळी आली तेव्हा जुईला अख्खी पेटी भरायची होती. चमच्याच्या आकाराची धातूची आमिषं, हिरवी, गुलाबी, पट्ट्यांची, ठिपक्यांची. आबा म्हणाले, ‘दोन-तीनच घे, पन ती पान्यात कशी चालतात ते पाह्य.’ मग हाच प्रश्न त्यांना स्वतःला चावत राहिला. चमच्याच्या आकाराचं आमिष पाण्यात नेमकं कसं चालत असेल? दुसऱ्या दिवशी आबांच्या पत्नीचा, म्हणजे काकूंचा, आमटीचा चमचा नाहीसा झाला. ग्रिलवाल्याकडून त्याचा दांडा उडवून, दोन्ही टोकांना भोकं पाडून आबा तो खिशात घालून आले. गळ अर्थात लावला नव्हता. माळकरी माणूस गळ कसा लावणार?

संध्याकाळी आम्ही मेहरूण तलावावर पायडल बोट घेतली. पायडल मी मारत होतो, आबा मागं तोंड करून, नायलॉनची दोरी बोटाला गुंडाळून बसले होते. मी हळू मारलं की चमचा मेल्यासारखा लोंबायचा. जोरात मारलं की भिंगरीसारखा गरगर फिरून दोरीला पीळ पाडायचा. मधल्या एका चालीला मात्र तो डावी-उजवीकडे डुलायला लागला. ‘हेच! हेच ठेवा सर!’ आबा ओरडले. काठावरची पोरंटोरं हसत होती आणि माझ्या पिंढऱ्या भरून आल्या होत्या. तेवढ्यात दोरीला धक्का बसला. कुठल्याशा माशानं चमच्याला खरंच तोंड घातलं होतं! आबांनी आनंदानं आरोळी ठोकली आणि लगेच ते माझ्याकडे वळले. ‘त्याले लागलं तं नसंल ना?’ त्यांनी मला विचारलं.

घरी आल्यावर काकूंनी आधी चमच्याचा हिशेब घेतला, मग मुद्द्यावर आल्या. ‘माळ घालून मासे मारायची अक्कल शिकवता पोरीले? देवाले काय सांगाल?’ आबांनी चमचा पुन्हा खिशात घातला. मग म्हणाले, ‘सांगीन का नातीसंगं बोलत होतो.’ काकू आत निघून गेल्या. रविवारी मात्र त्याही फोनपाशी येऊन बसल्या.

त्या कॉलवर जुईनं एक नवी गोष्ट सांगितली. गळाच्या पुढं एक नुसतीच चकाकती पट्टी बांधतात, तिला गळ नसतो. ती फक्त माशाचं लक्ष वेधते आणि मासा मागच्या आमिषाला लागतो. आबांचा आनंद गगनात मावेना. ‘म्हंजे माहा चमचा माळकरी!’ असं म्हणत त्यांनी तो पुसून, कागदात गुंडाळून, कॅनडाला निघालेल्या एका ओळखीच्या मुलाबरोबर पाठवून दिला.

तो सबंध उन्हाळा जुईला मासा काही मिळाला नाही. एकदा लागला, पण तिनं घाईनं ओढला आणि निसटला. ती रडवेली झाली होती. आबांनी तिला समजावलं नाही, प्रश्नच विचारले. ऊन किती होतं? दोरी किती सोडली होती? मासा मागून आला का खालून? उत्तरं द्यायची म्हणून ती पुढच्या खेपेला नीट बघून यायला लागली. मराठीत सांगायचं म्हणून शब्दही गोळा करायला लागली, आणि हळूहळू माझी गरज उरली नाही. खालून आबांचं हसणं ऐकू यायचं आणि मी वर पेपर तपासत बसायचो. खरं सांगतो, मला जरा चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं.

थंडीत आबा गेले. दोन दिवस ताप आला आणि तेवढ्यावर आटोपलं. दवाखान्यातही ते नर्सला सलाइनच्या थेंबांचं काहीतरी विचारत होते. जुईला परीक्षेमुळे येता आलं नाही. काकू मुलीकडे कॅनडाला गेल्या, घराला कुलूप लागलं आणि मी दुसरीकडे खोली घेतली.

पुढच्या उन्हाळ्यात एका रविवारी सकाळी मला जुईचा फोन आला. ती तळ्यावरच होती, तिकडे संध्याकाळ होती. धाप लागल्यासारखी बोलत होती.

‘सर, मासा मिळाला. पहिला. हात मऊ ठेवला, ओढला नाही. आईला सांगितलं, आजीला सांगितलं. त्या छान म्हणाल्या.’ ती थांबली. ‘पण पुढं कुणी काही विचारतच नाही, सर.’

मी म्हणालो, ‘मला सांग ना.’ पण मला मासेमारीतलं ओ की ठो कळत नाही, आणि विचारायचं काय ते सुचेना. पलीकडे ती वाट बघत होती.

शेवटी तिनंच हळूच सुचवलं, ‘मासा मागून आला का खालून, असं विचारा.’

मी विचारलं.