राज्य सोडलेला राजा

सोहारहून फोन आला तेव्हा मी इथे ओमानात, मवालेहच्या भाजी मंडईत टोमॅटोच्या पेट्या उतरवून घेत होतो. "साळवेसाहेब खलास," पलीकडचा फोरमन म्हणाला. काम करताना छातीत कळ आली, हॉस्पिटलपर्यंतही पोचला नाही... आज पाच आठवडे झाले. त्याला तिथे मीच पाठवलं होतं.

गौतम साळवे आणि मी, दोघेही रत्नागिरीकडचे. ओळख मात्र ओमानात झाली. सोहारच्या ज्या कारखान्यात तो इंजिनियर होता, तिथल्या मेसला माझी भाजी जायची. गेल्या वर्षी त्याने राजीनामा दिला आणि बायकोला, सुनंदावहिनींना, आणि मुलीला घेऊन इथे आमच्या शेजारी राहायला आला. कारण विचारलं तर म्हणाला, "सिगेबर्टवर पुस्तक लिहायचंय. मराठीत."

हा सिगेबर्ट इंग्लंडातला, तेराशे-चौदाशे वर्षांपूर्वीचा राजा. आधी परागंदा झालेला, मग परत येऊन गादीवर बसला, मुलांसाठी शाळा काढली आणि एक दिवस राज्य नातलगाच्या हवाली करून मठात गेला. पुढे शत्रू चालून आला, तशी प्रजेने त्याला मठातून ओढून रणांगणावर नेलं. त्याने शस्त्र घेतलं नाही, हातात नुसती काठी. तिथेच मारला गेला. "ज्याने सगळं सोडलं त्यालाही लोक सोडत नाहीत बघ," गौतम म्हणायचा.

उन्हाळ्याच्या तोंडावर कारखाना दुरुस्तीसाठी बंद ठेवायचा होता. जुनी यंत्रं त्याच्याइतकी कुणालाच ठाऊक नव्हती. मॅनेजरने त्याला बोलावलं. त्याने नाही म्हटलं, तेव्हा मला गळ घातली. मेसचं गिऱ्हाईक तुटायला नको म्हणून मी गेलो. "पंधरा दिवसांचा तर प्रश्न आहे," मी म्हटलं. शेवटी तो म्हणाला, "तू सांगतोयस म्हणून जातो, इकबालभाई."

तिथे कामाच्या नवव्या दिवशी तो गेला.

मी कशासाठी आग्रह केला, हे सुनंदावहिनींना अजून सांगितलेलं नाही. "तुम्ही आहात म्हणून धीर आहे," असं त्या म्हणतात, आणि मी मान खाली घालतो. परवा त्यांनी गौतमचं लिखाण मोठ्याने वाचून दाखवायला दिलं. मुलगी मराठी अडखळत वाचते, तिलाही ऐकायचं होतं. मठाच्या दाराशी माणसं येऊन थांबली आहेत, एवढ्यावर ते तुटलं होतं.

"काका, पुढे काय झालं?" तिने विचारलं.

मला ठाऊक होतं... मी कागद आवरले.

गौतम पेन्सिलीनेच लिहायचा. जाण्याआधी त्याने सात-आठ पेन्सिली टोक करून टेबलावरच्या पेल्यात ठेवल्या होत्या, परत आल्यावर लागतील म्हणून. वहिनी टेबल पुसतात, पेला हलवत नाहीत. शुक्रवारी मी त्या खोलीत जाऊन बसतो. टोकं अजून तशीच आहेत, अणकुचीदार.