मोहाखालची पैज

माझ्या वर्गातली बाकं गोलात आहेत आणि मी असेपर्यंत ती गोलातच राहतील. इतकं ठणकावून मी घरीही कधी बोललेलो नाही. घरी भाजी अळणी झाली तरी मी मीठ स्वतःच उठून घेतो.

मुलचेऱ्याकडच्या एका गावात मी सातवीला विज्ञान शिकवतो. पोरं गटागटानं बसतात, बोलतात, भांडतात, कुणी काही ठामपणे सांगितलं की मी कारण विचारतो, "काऊन?" बाहेरून माझा तास आठवडी बाजारासारखा ऐकू येतो, हे मान्य. शाळा समितीचे अध्यक्ष एकदा खिडकीतून डोकावून म्हणाले, "गुर्जी, शिकवून राह्यले का पोट्टे सांभाळून राह्यले?"

"दोन्ही, भाऊ."

ते खरे चिडले मोहाच्या दिवसांत. मोहाची फुलं पहाटे गळतात. ती वेचताना दिसावीत म्हणून आमच्याकडे झाडाखालचा वाळका पाला जाळून टाकतात. काम सोपं होतं, पण आग कधीमधी रानात शिरते. मी फळ्यावर लिहिलं : मोहाखालचा पाला जाळावा का? वर्गाचे दोन तट पडले. जाळावाच, म्हणणाऱ्यांची पुढारी अध्यक्षांची नात. दुसरा तट म्हणे, पाला झाडून जुन्या साड्या अंथरा. पोरांनी वाद घरी नेला आणि म्हाताऱ्यांना विचारत सुटली, "काऊन जाळता?"

अध्यक्ष तडक शाळेत आले. "आमच्या बापानं जाळला, आमी जाळतो. आता पोट्टे आमाले सवाल करतीन?"

"तुमच्याच झाडाखाली पाहू ना, भाऊ. एका बाजूला जाळा, दुसऱ्या बाजूला आम्ही साड्या अंथरतो."

"अन् तुमी हरले तं?"

माझी जीभ माझ्यापेक्षा धीट आहे. "तर बाकं सरळ रांगेत लावतो."

घरी साडी मागितली. बायको वरोऱ्याची, बाजारपेठेत वाढलेली. फुकट काही देत नाही. "साडी माझी, प्रयोग तुमचा, अन् नाव कोणाचं होईन?" म्हणाली. दिली मात्र.

संध्याकाळी आम्ही थाटात साड्या अंथरल्या. सकाळी प्रार्थना झाली, हजेरी झाली, मग वरातीसारखे झाडाकडे निघालो. ऊन चटकायला लागलं होतं. जाळलेल्या बाजूची फुलं अध्यक्षांच्या घरच्यांनी उजाडायच्या आत वेचून नेली होती. आमच्या साड्यांवर दोन गायी निवांत उभ्या होत्या. साड्या चाटूनपुसून लख्ख. एकीच्या तोंडात बायकोच्या साडीचा पदर. या रानात जन्म काढून, हजेरी घेऊन मोह वेचायला निघालेला माणूस अख्ख्या तालुक्यात मी एकटाच असेन.

"गुर्जीनं गायीले पंगत देल्ली!" गाव हसून हसून दमलं.

अध्यक्ष आमच्या मागोमाग वर्गापर्यंत आले. "लावा आता बाकं."

पैज ती पैज. मी पहिल्या बाकाला हात घातला.

"थांबा, गुर्जी." अध्यक्षांची नात उभी राहिली. "आबाजी, हे बरोबर नाई."

"अवं, तूच तं जिंकली!"

"आमची फुलं आजीनं अंधारात वेचली. याइची कोणी वेचलीच नाई. मंग साडी हरली का गुर्जीची झोप?"

मागून एकजण ओरडला, "अन् साडीवर फुलं होती, हे गायीले तं दिसलं ना!"

वर्ग खदखदून हसला. मग माझ्याकडे कुणी पाहिलंच नाही. गायी कोण बांधणार, पहाटे कोण कोणाला उठवणार, दोन्ही टोपल्या एकाच तराजूवर कशा तोलायच्या, यावर दोन्ही तट एकाच बाकाभोवती डोकी घालून भांडायला लागले. जाळणाऱ्यांची पुढारी साडीवाल्यांना सांगत होती, साडीच्या कडेला दगड ठेवा, नाहीतर वाऱ्यानं उडेल.

"बाकं, गुर्जी," अध्यक्षांनी आठवण करून दिली.

मी बाकावरचा हात काढला आणि त्याच बाकावर बसलो. "नाही लावत, भाऊ. पैज पुरी झालीच नाही. आणि पुरी झाली, तरी आता लावणार नाही."

"हे काय बोलणं झालं?"

"तुमची नात जिंकलेली पैज परत करून राह्यली. रांगेत बसवून मला हे शिकवता येत नाही."

ते नातीकडे वळले. "पहाटे उठशीन?"

"उठीन."

"अन् हे गुर्जी?"

"त्याइले आमी उठवू!" सगळा वर्ग एका सुरात.

त्यांनी होकार दिला नाही. "आवाज कमी करा," एवढं म्हणून गेले.

पुढच्या खेपेला साडीवाल्यांची टोपली जास्त भरली. मी फुशारून बायकोला सांगायला निघणार, तेवढ्यात नातीचा गट उठला : झाडाच्या साडीकडच्या बाजूला फांद्याच जास्त आहेत, हे कसं धरायचं? पुन्हा बाजार भरला. आवाज इतका, की खिडकीत अध्यक्षांचा चेहरा दिसला. मी बाक घट्ट धरून ठेवलं.

"गोंधळ काऊन करता रे," ते ओरडले, "फांद्या मोजा ना मंग!"