कडू झाडाच्या नावाचा माणूस

मथुराबाईंनी जन्मात कधी लिंबाला लिंब म्हटलं नाही. नवऱ्याचं नाव लिंबाजी, आणि त्या नावाचा तुकडासुद्धा तोंडी येता कामा नये, हा त्यांचा नेम. दारातल्या कडुलिंबाला त्या 'कडू झाड' म्हणत. बाजारात लिंबं घ्यायची तर नुसतं बोट दाखवत. एकदा बागवानानं त्या बोटाच्या रोखानं वांगी तोलून दिली, तर बाईंनी तीच मुकाट्यानं घरी आणून शिजवली. लिंबाजीही काही कमी नव्हते. ते बायकोला 'आगं ए' म्हणत. 'अवं' आणि 'आगं' एवढ्यावर त्यांचा संसार सुखानं चालला होता.

रझाकारांची धामधूम सुरू व्हायच्या आधीच्या एका चैत्रात ही जोडी सोनारीला भैरोबाच्या जत्रेला गेली. नारळ फोडला, त्यातला अर्धा वानरांनी पळवला. दुपारी मथुराबाई बांगड्यांच्या पालात शिरल्या आणि लिंबाजी बैल बघायला गेले. दिवस मावळायच्या आत गाडीपाशी या, असं बाईंनी दोनदा बजावलं होतं. त्याला कारण होतं. लिंबाजी रातांधळे होते. अंधार पडला की चार हातांवरचा माणूस त्यांना दिसत नसे, आणि हे बायकोशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. बैलांच्या बाजाराला लागून बिनकठड्याची विहीर होती. हा माणूस विहिरीत पडेल, पण कुणाला 'हात धरा' म्हणणार नाही, हे मथुराबाई ओळखून होत्या.

दिवस बुडायला आला तरी गाडीपाशी कुणी नाही. बाईंनी गर्दीत शिरून "अवं, ऐकलं का" अशी हाक मारली. दहा-बारा नवऱ्यांनी वळून पाहिलं, आपली नव्हे असं बघून ते पुन्हा रेवड्या खाऊ लागले.

हरवलेल्यांची दवंडी पिटायचं काम डफवाल्या जलीलकडं होतं. पुढची हकीकत मी त्याच्याच तोंडून ऐकली. त्यानं नाव विचारलं. पाडव्याला ज्याचा पाला खातात त्या कडू झाडाचं नाव, असं बाईंनी पदराआडून सांगितलं. गलक्यात जलीलला 'कडू' एवढंच ऐकू आलं. त्यानं डफ वाजवून कडूबाच्या नावाची दवंडी दिली. आमच्या मुलखात कडूबांना काय तोटा? दोघे हजर झाले. त्यातल्या एकाची बायकोही मागोमाग आली आणि आपल्या नवऱ्याला बोलावणारी ही कोण, म्हणून डोळे वटारून बघू लागली.

तेव्हा मथुराबाईंना रडू फुटलं. अंधार दाटत होता. हिचा नवरा हरवलाय आणि हिला त्याचं नाव घेता येत नाही, हे कळल्यावर भांडायला आलेली ती बाईच मऊ पडली.

"नुस्तं नाव घेऊ नगा," ती म्हणाली. "उखाण्यात घ्या की. त्याला कुणाची आडकाठी हाय?"

लग्नात मथुराबाईंनी घेतलेला उखाणा शेजारच्या करवलीलाही ऐकू गेला नव्हता. पण आता त्यांनी डोळे मिटले आणि भर जत्रेत म्हटलं:

"भैरोबाच्या जत्रेत गर्दी झाली दाट,
लिंबाजीराव, हलू नका, म्याच काढते वाट."

जलीलनं तोच उखाणा आपल्या खड्या आवाजात डफावर चढवला. अर्धी जत्रा हसली, मग गप्प झाली. बैलांच्या बाजाराकडून उत्तर आलं.

"मथुरे, हिकडं हाय. हाललो न्हाय म्या."

नवऱ्याच्या तोंडून आपलं नाव बाईंनी पहिल्यांदाच ऐकलं. मला तर त्या हाकेचं सबंध जत्रेपेक्षा अप्रूप वाटतं. जलीलचा कंदील घेऊन सगळे तिकडं गेले, तर लिंबाजी कुणाच्या तरी बैलाच्या पाठीवर हात ठेवून, जणू किंमत ठरवायला थांबल्यासारखे, ताठ उभे होते. विहीर त्यांच्या पाठीशी दोन पावलांवर होती.

मथुराबाईंनी भोवतीच्या माणसांकडं पाहिलं आणि त्या एकदम लंगडायला लागल्या.

"माझा पाय मुरगळलाय," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "जरा हात धरा माझा."

लिंबाजींनी हात धरला. बायकोला काय जपतो बघा गडी, असं लोक म्हणाले, आणि लिंबाजींची मान आणखीच ताठ झाली. कंदील धरून जलील सोबत चालला होता. निघताना बाई उजव्या पायानं लंगडत होत्या, गाडीपाशी पोचेस्तोवर डाव्या पायानं लंगडू लागल्या. जलीलनं ते पाहिलं. लिंबाजी होते तोवर त्यानं त्याची दवंडी मात्र कुठं पिटली नाही.