पहिला हंडा तिचा

सवत म्हणजे काय ते मला लग्नानंतरच्या पहिल्याच दिवाळीत कळलं. माझी सवत चार चाकांची होती. सत्तर-एकाहत्तर साल असेल. नगरला मिलिटरीच्या जुन्या गाड्यांचा लिलाव झाला, तिथून नवऱ्याने एक जीप आणली आणि आमच्या गावातून श्रीगोंद्याला माणसं न्यायचा धंदा सुरू केला. रंग उडालेला, एक दिवा फुटका, पण थाट पाटलाच्या सुनेचा.

थंडी पडली तशी तिची नाटकं सुरू झाली. पहाटे हँडल मारून मारून एकदाची चालू व्हायची, पण ओढायची नाही. जोर दिला की खोकायची, गचके द्यायची, ओढ्याच्या चढाला तर म्हशीसारखी बसायची. इंजिन तापलं की मग सुतासारखी सरळ. कुणीतरी नवऱ्याला उपाय सांगितला: रात्री रेडिएटरमधलं पाणी काढून टाकायचं आणि सकाळी गरम पाणी भरायचं. झालं! मी कोंबड्याच्या आधी उठून चूल पेटवायची, हंडा तापवायचा, आणि तो पहिला हंडा तिला. सरपण बेताचं, त्यामुळे चूल लगेच भाकरीला लागायची आणि ऐन पौषात माझी आंघोळ गार पाण्याने व्हायची.

पाण्याचं मी सोसलंही असतं. पण तो तिच्याशी बोलायचा! बॉनेटवरून हात फिरवत म्हणायचा, "ऊठ गं बाय माझी. दमानं. घाई न्हाई." माझ्याशी बोलणं म्हणजे "मीठ दे" आणि "कंदील कुठं हाय?" लग्नानंतरच्या पहिल्या पहाटे मी अर्धवट झोपेत विहिरीवर गेले आणि हातातून घागर सुटली, तेव्हा हाच माणूस सासूबाईंना म्हणाला होता, "लई सुस्त हाय ही." मी जळायचे. एकदा तर तिच्या चाकाला लाथ घातली. माझाच अंगठा सुजला.

त्याच पौषात भावाच्या मुलीचं बारसं निघालं. मला माहेरी सोडायला नवऱ्याने पुढच्या सीटवर बसवलं, मागे बाजाराला निघालेल्या बायका. ओढ्याच्या चढाला बाईसाहेब अडल्या. मी म्हणाले, "आवं, दाबा की जरा जोरात."

"तिला येळ दे," तो म्हणाला. "थंडीची आत्ता उठलीय. उठल्या उठल्या कुनीबी पळत न्हाई."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "आन् मला किती येळ दिल्ता? पयल्याच दिशी सुस्त म्हनलात. तिला गरम पानी, मला गार. 'दमानं घे' असं मला एकदा तरी म्हनलात का?"

मागच्या बायका खो खो हसल्या. एक म्हातारी म्हणाली, "खरं हाय की तिचं." तो मात्र हसला नाही. त्याचे कान लाल झाले आणि माहेर येईपर्यंत तो समोरच बघत राहिला. मला वाटलं, आता घरी गेल्यावर आपलं काही खरं नाही.

बारसं उरकून परतले. दुसऱ्या दिवशी पहाटे पाणी तापलं तसा तो चुलीशी आला. फडक्याने धरून हंडा उचलला, सवयीने दाराकडे निघाला, थांबला, आणि वळून न्हाणीत नेऊन ठेवला. माझ्याकडे न बघताच म्हणाला, "आदी तू घे. तिचं मागनं बघू."

अंगावर गरम पाणी पडलं आणि मला रडूच आलं. वाटलं, जिंकले. तेवढ्यात न्हाणीच्या भिंतीपलीकडून त्याचा आवाज आला, तोच मऊ, बॉनेटवर थोपटतानाचा.

"रुसू नगं, बाय माझी. जरा दम धर. तिचं उरलेलं पानी आनतो तुला."

मी हंडा उचलून उपडा केला आणि शेवटचा थेंबही अंगावर घेतला.