सरूच्या भुलाबाया

"मान सरळ कर तिची! नाहीतर यंदा तुयी भुलाबाई पाटावर बसत नाही!"

मी ओरडत होते आणि सरू चिखलाचे हात लुगड्याला पुसत ऐकून घेत होती. आमच्या किन्हीराजा गावात भादव्याच्या पौर्णिमेला पोरी भुलाबाई मांडतात आणि रोज संध्याकाळी तिची गाणी म्हणतात. भुलाबाई म्हणजे पार्वतीच, महिनाभर माहेरी आलेली. शेजारी नवरा भुलोजी, म्हणजे शंकर. मूर्ती घडवायची सरूनं, रोजानं शेतात तण निंदायला जाणाऱ्या बाईनं, आणि डोकं फिरायचं माझं! गल्लीतल्या बायांचा गट मी चालवते. अक्षरं मी किराण्याच्या पुड्यांवर एकटीनं शिकले, त्यामुळे कुणी मला शिकवलेलं खपत नाही. पण या बाईचे किस्से इतके साचलेत, की आता पोटात मावत नाहीत.

एका वर्षी तिनं भुलाबाई केली हातभर आणि भुलोजी वीतभर!

"हा नवरा हाये का नातू?"

"त्याले किती जागा लागते काकू? गाणे तं सारे तिचेच हायेत."

पोरी खिदळल्या. गल्लीतल्या बाप्यांना मात्र हसू आलं नाही!

*

पुढच्या खेपेला मूर्तीला डोळेच नाहीत. म्हटलं, "रंग संपला का वो बाई?"

"नाई. आजच सासरून आली, झोपू द्या तिले. सकाळी उघडीन."

माझं टाळकं सटकलं. पण त्या संध्याकाळी पोरींनी सगळी गाणी हळू आवाजात म्हटली. एरवी मी घसा फोडून दटावते, तरी या कार्ट्या ऐकतात का कधी!

*

एकदा तर कहरच. भुलाबाईच्या टाचांना काडीनं भेगा कोरलेल्या!

"सरू, देवी हाये थे! निंदाले जाते का?"

"कैलास काय मंगरूळपीर हाये, एस्टीनं याले? पायीच आली असन बिचारी."

मी भेगा बुजवायला माती कालवायला गेले. परत येऊन बघते, तर आमच्या गल्लीतली म्हातारी द्वारकाबाई घरचं खोबरेल आणून भुलाबाईच्या टाचांना चोळत बसलेली. नवी कोरी मूर्ती डागाळली! आता मी ओरडू तरी कुणाकुणावर?

*

आणि यंदा ही मान. भुलोजी शेजारी बसलाय, आणि बाईसाहेबांचं तोंड दाराकडे!

पाटलाच्या सुनेनं लगेच मोबाइल पुढे केला. वाशीमच्या बाजारातली जोडी, रेडिमेड, चकचकीत. "काकू, फिनिशिंग बघा. फोटोत दोघं कसे समोर पाहतात! आत्ता गाडी पाठवते."

सगळ्या बाया माझ्याकडे बघायला लागल्या. एकदा बाजारची मूर्ती पाटावर बसली, की सरूला पुन्हा कुणी हाक मारणार नाही, हे मला कळत होतं. सरूलाही कळत होतं. मी तिच्या बाजूनं बोलायला टपलेली, आणि ही बया बोटभर मान वळवेना!

"शेवटचं सांगतो सरू! नवरा बाजूले बसला, अन् थे दाराकडे पाहून राह्यली! काहून? फिरव मान!"

"नवरा तं रोजचाच हाये काकू. माय दिसली का, फिरवीन थे आपली मान."